हलकी ओव्हर-अंडर शॉटगन निवडताना: आधी पक्षी, मग काडतूस, शेवटी बंदूक

अमेरिकेत राहणाऱ्या आणि पक्ष्यांच्या शिकारीची नव्याने गोडी लागलेल्या मराठी मंडळींकडून दर ऑगस्टमध्ये एकच प्रश्न येतो: "सगळ्यात हलकी ओव्हर-अंडर, म्हणजे एकावर एक दोन नळ्या असलेली शॉटगन, कुठली?" प्रश्नाची सुरुवातच चुकीच्या टोकापासून होते. दुकानात जाऊन सर्वांत हलकी बंदूक उचलायची, मग तिच्यात मावेल ते दमदार काडतूस घालायचं, आणि मग खांदा दुखतो, चाप ओढताना डोळे मिटतात, पक्षी चुकतात म्हणून ती विकायला काढायची. असं होताना मी वारंवार पाहतो. बंदूक वाईट नसते, क्रम वाईट असतो. म्हणून इथे बंदुकांची यादी देण्याऐवजी क्रम देतो आहे. तो पाळलात तर दुकानात पोहोचेपर्यंत पर्याय तीन-चारच उरतील.

भारतात १९७२च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्याने शिकारीला बंदी आहे. पुढचं सगळं अमेरिकेत रीतसर परवाना घेऊन शिकार करणाऱ्यांसाठीच आहे.

१. दुकानात जाण्याआधी कागदपत्रं

आपल्या लोकांचं सगळ्यात जास्त इथेच चुकतं, आणि इथली चूक बंदुकीपुरती राहत नाही, थेट व्हिसापर्यंत जाते.

नागरिक असाल किंवा ग्रीन कार्ड असेल, तर परवानाधारक दुकानात फॉर्म ४४७३ (बंदूक खरेदीचा संघराज्याचा अर्ज) भरून आणि पार्श्वभूमी तपासणी होऊन शॉटगन विकत घेता येते. एच-वन-बी, एल-वन, एफ-वन, एच-फोर अशा बिगर-स्थलांतरित व्हिसावर असाल तर संघराज्य कायद्यानुसार बंदूक किंवा काडतुसं घेणं आणि जवळ बाळगणं या दोन्हींना मनाई आहे. त्याला मोजके अपवाद आहेत. आपल्याला लागू पडणारा अपवाद म्हणजे अमेरिकेतल्या एखाद्या राज्याने दिलेला, मुदत न संपलेला शिकारीचा परवाना.

म्हणून क्रम असा: आधी शिकारी सुरक्षा प्रशिक्षणाचा कोर्स, मग राज्याचा शिकार परवाना, मग दुकान. मिनेसोटात ३१ डिसेंबर १९७९ नंतर जन्मलेल्यांना परवान्यासाठी सुरक्षा प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र लागतं. बहुतेक राज्यांत असाच काही ना काही नियम आहे.

*इशारा:* परवाना फक्त खरेदीच्या दिवशी असून भागत नाही. व्हिसावर असताना परवान्याची मुदत संपली आणि बंदूक घरातच राहिली, तर अपवादाचा आधारही संपला. परवाना नूतनीकरणाची तारीख कॅलेंडरमध्ये टाकून ठेवा. शंका असेल तर इमिग्रेशन वकिलाला आधी विचारा, नंतर नाही.

*इशारा:* व्हिसावरच्या मित्राने पैसे दिले आणि ग्रीन कार्डवाल्याने आपल्या नावावर बंदूक घेऊन त्याच्या हातात ठेवली, हा गंभीर गुन्हा आहे. मैत्रीखातरसुद्धा करू नका.

राज्याचे नियम वेगळेच असतात. न्यू जर्सीत खरेदीसाठी वेगळं ओळखपत्र काढावं लागतं, इलिनॉयमध्ये एफओआयडी कार्ड (बंदूकमालकाचं ओळखपत्र) लागतं. या दोन्ही राज्यांत मराठी वस्ती मोठी आहे, म्हणून मुद्दाम लिहिलं. कार्ड हातात पडायला वेळ लागतो, तेव्हा ऑक्टोबरच्या शिकारीची तयारी वसंतातच सुरू करा.

२. पक्षी ठरवा, जमीन ठरवा

"अपलँड", म्हणजे पाण्यावरचे नव्हे तर रानात-शेतात मिळणारे शिकारीचे पक्षी, या एका शब्दात फार वेगवेगळे पक्षी येतात. कागदावर लिहा: या हंगामातले बहुतेक दिवस कुठे आणि कशामागे चालणार आहात?

रफ्ड ग्राउझ हा उत्तर मिनेसोटा, विस्कॉन्सिन, मिशिगनच्या दाट झाडोऱ्यातला पक्षी. मनगटाएवढ्या जाडीच्या अ‍ॅस्पेनच्या रोपांतून तुम्ही वाट काढत असता. एका हाताने फांदी बाजूला धरलेली, बंदूक दुसऱ्या हातात, आणि अचानक पंखांचा धडधडाट होतो. पक्षी दिसतो तो फटीतून, सेकंद-दोन सेकंद. अंतर बहुधा १५ ते २५ यार्ड. दिवसभर बंदूक एका हातात धरायची आणि क्षणात खांद्याला लावायची, तेव्हा इथे हलकेपणाला खरी किंमत आहे.

फेझंटचं वेगळं. साउथ डकोटा, आयोवा, कॅन्सस इथली मोकळी गवताळ शेतं, मोठा आणि चिवट पक्षी, हंगाम पुढे सरकला की ३५-४० यार्डांवरूनच उठणारा. साउथ डकोटात दिवसाला तीन नर एवढीच मर्यादा आहे आणि मादी मारायची नसते. म्हणजे रंग ओळखायला लागणारा क्षणही हिशेबात धरा. इथे फार हलकी बंदूक तोट्याची ठरते.

नेव्हाडा, आयडाहो, पूर्व ओरेगनच्या खडकाळ उतारांवरच्या चुकरसाठी चढण इतकी असते की प्रत्येक औंस जाणवतो, पण फैरी लांबच्या असतात. ही सगळ्यात अवघड जोडी. बॉबव्हाइट क्वेल मात्र सरळ: पक्षी छोटा, अंतर कमी, हलकं काडतूस पुरे.

दोन पक्षी समसमान असतील तर जो जास्त अंतरावरून मारावा लागतो त्याच्या बाजूने निर्णय घ्या. जड बंदूक झाडोऱ्यात वागवता येते, पण अपुऱ्या काडतुसाने जखमी झालेला फेझंट गवतात पळून जातो, सापडत नाही आणि तिथेच मरतो. हे टाळणं आपल्या हातात आहे.

३. काडतूस ठरवा

आता त्या पक्ष्याला किती छर्रे लागतात ते बघा. शिशाच्या छर्ऱ्यांसाठी ढोबळ हिशेब असा (नंबर जितका लहान तितका छर्रा मोठा):

- क्वेल: ३/४ ते ७/८ औंस, साडेसात किंवा ८ नंबर
- ग्राउझ: ७/८ ते १ औंस, साडेसात नंबर, पानगळ झाल्यावर ६
- चुकर: १ औंस, ६ किंवा साडेसात
- फेझंट: १ ते १-१/४ औंस, ५ किंवा ६; हंगामाच्या शेवटी ४

शिसं चालतं का, हे काडतुसं घेण्याआधी तपासा. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून सर्वच शिकारीसाठी शिसं बंद आहे. मिनेसोटा आणि डकोटांमध्ये विखुरलेल्या संघराज्याच्या पाणपक्षी प्रजनन क्षेत्रांत फेझंट मारायलाही बिनशिशाचेच छर्रे लागतात, आणि नवशिके नेमके तिथेच जातात, कारण ती जमीन सर्वांना खुली असते.

पोलाद शिशापेक्षा हलकं असतं, त्यामुळे छर्रा दोन नंबरांनी मोठा घ्या: शिशाच्या ६ च्या जागी पोलादाचा ४. बिस्मथ या दोघांच्या मधलं, महाग, पण जुन्या नळ्यांना मानवणारं. पोलाद वापरणार असाल तर नळ्या आणि चोक (छर्ऱ्यांचा फैलाव ठरवणारा नळीच्या तोंडाचा भाग) पोलादासाठी मान्य आहेत का, हे उत्पादकाच्या पुस्तिकेत वाचून घ्या. विक्रेत्याच्या "चालतं हो" वर विसंबू नका.

४. आता वजनाचा आकडा काढा

इंग्लंडमधले बंदूक कारागीर पिढ्यानपिढ्या एक सोपा नियम वापरत आले आहेत: बंदुकीचं वजन छर्ऱ्यांच्या वजनाच्या ९६ पट असावं. १ औंस छर्रे म्हणजे ९६ औंस, म्हणजे ६ पौंड. आपल्या हिशेबात पावणेतीन किलोला जरा कमी.

- ७/८ औंस: सव्वापाच पौंड
- १ औंस: ६ पौंड
- १-१/८ औंस: पावणेसात पौंड
- १-१/४ औंस: साडेसात पौंड

आकड्याच्या खाली पाव पौंड गेलात तर चालेल, एक पौंड गेलात तर नाही. कारण साधं आहे. काडतूस तेच ठेवलं तर धक्क्याची ऊर्जा बंदुकीच्या वजनाच्या व्यस्त प्रमाणात असते. साडेसात पौंडांवरून पावणेसहावर आलात, तर त्याच काडतुसाचा धक्का सुमारे ३० टक्क्यांनी वाढतो. शिकारीत दिवसाला चार-पाच फैरी होतात, तिथे तो कदाचित जाणवणार नाही. पण सरावाच्या मैदानावर १०० फैरी झाल्या की शरीर शिकतं आणि पुढच्या वेळी चाप ओढायच्या आधीच आकसतं. ही सवय जडली की मोडायला फार कष्ट पडतात.

सर्वांत जास्त दिसणारी चूक याच टप्प्यावर होते: साडेपाच पौंडांची २० गेज (गेज म्हणजे नळीच्या भोकाचं माप, आकडा लहान तितकं भोक मोठं) आणि तिच्यात तीन इंची, सव्वा औंसाची मॅग्नम काडतुसं. तीन इंची चेंबर (काडतूस बसतं तो नळीचा मागचा भाग) आहे म्हणजे तीन इंची काडतूस घातलंच पाहिजे असं नाही. सव्वा औंस हवं असेल तर १२ गेज घ्या.

*तपासा:* पुढे जाण्याआधी कागदावर तीन गोष्टी लिहिलेल्या हव्यात: पक्षी, छर्ऱ्यांचं वजन, बंदुकीचं किमान वजन. या तिन्हींशिवाय गेजची चर्चा व्यर्थ आहे.

५. गेज आणि फ्रेम: वजन नेमकं कुठून कमी केलं आहे?

बंदूक दोन प्रकारे हलकी करता येते आणि हातात दोघींची वागणूक अगदी वेगळी असते.

पहिला प्रकार: रिसीव्हर (नळ्या आणि दस्ता यांना जोडणारा मधला धातूचा भाग, यालाच फ्रेमही म्हणतात) पोलादाऐवजी अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा. ब्राउनिंग सिटोरीची फेदर मालिका, बेनेली ८२८यू, फ्रँकी इन्स्टिंक्ट एसएल या अशा बंदुका. यांत १२ गेजसुद्धा साडेसहा-पावणेसात पौंडांच्या आसपास येते. वजन मधून काढलेलं असतं, नळ्या आणि दस्ता तसेच. त्यामुळे उचलायला हलकी, पण नळीकडे थोडी झुकणारी. हे झुकणं फेझंटमागे नळी फिरवताना उपयोगी पडतं, कारण नळी मध्येच थबकत नाही. मात्र मिश्रधातूच्या रिसीव्हरमध्ये काडतुसाच्या बुडाशी आणि कुलुपाच्या (बंद झालेल्या नळ्या अडकवून ठेवणाऱ्या भागाच्या) जागी पोलाद बसवलेलं आहे ना, हे विचारा. चांगल्या उत्पादकांकडे ते असतं. ब्राउनिंगच्या फेदरमध्ये बुडाची पट्टी आणि बिजागरीची खीळ पोलादी आहे, बेनेलीत कुलुपाची पोलादी पट्टी आहे.

दुसरा प्रकार: पोलादी रिसीव्हर, पण सगळी बंदूकच लहान मापाची. २० किंवा २८ गेजच्या स्वतंत्र लहान फ्रेमवर बांधलेली. बेरेटाची ६८६ सिल्व्हर पिजन २० गेजमध्ये घेतलीत तर सव्वासहा पौंडांच्या आसपास भरते आणि तोल दोन हातांच्या बरोबर मध्ये येतो. झाडोऱ्यासाठी मला हा प्रकार जास्त पटतो. पातळ नळ्यांची अगदी हलकी २८ गेज मात्र हातात चपळ वाटते आणि पक्ष्यामागे फिरताना थांबते. दुकानात सुखावणारी हीच चपळाई मोकळ्या रानात पक्ष्याच्या मागे फैर टाकायला लावते.

फसगत कुठे होते? काही २० गेज बंदुका १२ गेजच्या फ्रेमवर बांधलेल्या असतात. नळ्या बाहेरून तेवढ्याच जाड, भोक लहान, म्हणून त्यांतलं पोलाद जास्त, आणि वजन १२ गेजइतकंच, कधी त्याहून जास्त. बंदूक उघडा आणि दोन नळ्यांच्या मागच्या तोंडाभोवतीची भिंत बघा. भोकाभोवती फाजील जाड पोलाद दिसलं तर फ्रेम मोठी आहे.

तुर्कस्तानात बनलेल्या मिश्रधातूच्या बंदुका कमी किमतीत मिळतात. सीझेडची अपलँड अल्ट्रालाइट १२ गेजमध्ये ६ पौंडांच्या आसपास येते. दिवसभर चालून दोन-चार फैरी टाकणाऱ्याला ती पुरते. दर रविवारी क्ले पिजनचे (हवेत उडवलेल्या मातीच्या तबकड्यांवरच्या सरावाचे) चार राउंड करणाऱ्याने तिच्याकडे बघू नये, तो पैसा आधी थोडा साठवावा.

*इशारा:* घरात १२ आणि २० गेज दोन्ही असतील तर काडतुसं कधीही एका खिशात ठेवू नका. २० गेजचं काडतूस १२ च्या नळीत पुढे सरकून अडकतं. वरून १२ चं काडतूस बसतं आणि चाप ओढला की नळी फुटते, डावा हात जातो. २० ची काडतुसं पिवळी ठेवतात ती याचसाठी.

६. नळीची लांबी आणि चोक

यावर वाद फार घालतात, गरज तेवढी नसते. हलक्या बंदुकीला २८ इंची नळी घ्या. दोन इंचांनी वाढणारं वजन नगण्य, आणि पुढे पडणारा तोल हलकेपणाची उणीव भरून काढतो. फक्त ग्राउझच्या दाटीतच फिरणार असाल तर २६ इंची ठीक.

चोक बदलता येणारे हवेत. सिलिंडर सगळ्यात मोकळा; मग स्कीट, इम्प्रूव्हड सिलिंडर, मॉडिफाइड आणि सगळ्यात घट्ट फुल. ग्राउझसाठी पहिल्या नळीत सिलिंडर किंवा स्कीट, दुसरीत इम्प्रूव्हड सिलिंडर. फेझंटसाठी इम्प्रूव्हड सिलिंडर आणि मॉडिफाइड. पोलादी छर्रे अधिक घट्ट जातात, म्हणून एक पायरी मोकळा चोक. नवीन माणूस भीतीने फुल चोक लावतो आणि २० यार्डांवर एकतर पक्षी चुकतो, नाहीतर खाण्याच्या लायकीचा उरत नाही.

पहिली फैर खालच्या नळीतून टाकायची सवय लावा. तिचा धक्का खांद्यात सरळ मागे येतो, तोंड कमी उचकतं, दुसरी फैर लवकर जमते.

७. माप: इथे घाई नको

शॉटगनला मागची साइट नसते, तुमचा डोळाच मागची साइट. गाल दस्त्यावर जिथे टेकेल तिथून डोळा बघणार आणि तिथेच छर्रे जाणार. त्यामुळे माप चुकलं तर सव्वापाच पौंडांची कलाकुसरही वाया.

आधी डोळा. दोन्ही हात लांब करून तळव्यांमध्ये लहान त्रिकोण करा, दोन्ही डोळे उघडे ठेवून दूरची वस्तू त्यात धरा, मग एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याने वस्तू त्रिकोणातच राहते तो प्रबळ डोळा. उजवा हात आणि प्रबळ डावा डोळा अशी जोडी असेल तर चष्म्याच्या डाव्या काचेवर चिकटपट्टीचा लहान ठिपका लावून बघा, नाहीतर डाव्या खांद्यावरून शिका. हे बंदूक घेण्याआधी ठरलं पाहिजे, कारण दस्त्याचा बाजूचा बाक त्यावर अवलंबून असतो.

मग लांबी. चापापासून दस्त्याच्या बुडापर्यंतचं अंतर तयार बंदुकांमध्ये सव्वाचौदा-साडेचौदा इंच असतं, सरासरी अमेरिकन पुरुषाच्या बेताचं. आपल्यातल्या अनेकांना, विशेषतः पाच फूट सहा इंचांच्या आतल्यांना, ते लांब पडतं. कोपरात दस्ता टेकवून बघण्याची जुनी युक्ती भरवशाची नाही. बंदूक रिकामी असल्याची खात्री करून खांद्याला लावा. अंगठ्याच्या मुळाचं हाड आणि नाक यांत दोन बोटांचं अंतर उरलं पाहिजे. नाक टेकत असेल तर दस्ता आखूड, चार बोटं असतील तर लांब.

*इशारा:* ऑगस्टमध्ये टी-शर्टवर माप घेऊ नका. शिकारीचा कोट आणि जाकीट घालूनच दुकानात जा. जाड कोटाने सहज अर्धा इंच वाढतो. एका मित्राच्या पत्नीसाठी, आमच्या वहिनींसाठी, जुलैमध्ये घेतलेला दस्ता ऑक्टोबरच्या थंडीत दरवेळी बगलेत अडकत होता. कारागिराने मागून अर्धा इंच कापून नवं रबर बसवलं आणि काम झालं. लांब दस्ता कापता येतो, हे लक्षात असू द्या. बायकांसाठी मुद्दाम घडवलेल्या बंदुकाही आता मिळतात: सीझर ग्वेरिनीची सायरेन मालिका, फ्रँकीची इन्स्टिंक्ट कॅटॅलिस्ट. त्यांत लांबीच नाही तर दस्त्याचा उतार (तो नळीच्या रेषेखाली किती झुकतो) आणि बुडाचा कोनही बदललेला असतो, त्यामुळे पुरुषांची बंदूक नुसती कापण्यापेक्षा त्या आधी हाताळून बघाव्यात.

शेवटी उतार. डोळे मिटा, सावकाश बंदूक खांद्याला आणि गालाला लावा, डोळे उघडा. नळीवरची पट्टी किंचित दिसली आणि पुढचा मणी मधोमध असला तर माप जवळपास आहे. रिसीव्हरचं डोकंच दिसत असेल तर दस्ता खाली पडतोय, पट्टी रस्त्यासारखी लांबलचक दिसत असेल तर तो उंच आहे. ही चाचणी पाच वेळा करा. एकदा बरोबर येणं म्हणजे योगायोग. बेनेली ८२८यूमध्ये पातळ चकत्या बदलून उतार आणि बाजूचा बाक घरच्या घरी जुळवता येतो, आणि वेगळ्या बांध्याच्या माणसाला हा फार मोठा फायदा आहे.

*इशारा:* कुणाच्या डोळ्याकडे बंदूक रोखून "बघ रे, नीट आहे का" असं कधीच विचारू नका, रिकामी असली तरी. त्यासाठी आरसा आहे.

८. दुकानातली तपासणी

१. बंदूक हातात आली की आधी उघडा, दोन्ही चेंबर डोळ्यांनी बघा. विक्रेत्याने आत्ताच बघितलं असलं तरी.

२. वजन करा. विमानाच्या बॅगा तोलायचा हातातला डिजिटल काटा आपल्या प्रत्येक घरात असतो, तो खिशात घालून जा आणि परवानगी घेऊन बंदुकीला पट्टा लावून तोला. माहितीपत्रकातलं वजन ढोबळ असतं. दस्त्याच्या लाकडाची घनता बदलते आणि एकाच मॉडेलच्या दोन बंदुकांत काही औंसांचा फरक पडतो. चौथ्या टप्प्यातल्या आकड्याशी ताडून बघा.

३. बिजागरीच्या खिळीखाली बोट धरून तोल बघा. तिथेच किंवा अर्धा इंच पुढे तोल आला तर उत्तम.

४. परवानगी घेऊन आणि खोटी काडतुसं घालून चाप बघा. बेरेटाच्या ६८६ सारख्या बंदुकांत दुसरी नळी पहिल्या फैरीच्या धक्क्याने तयार होते. दुकानात चाप एकदा ओढल्यावर दुसऱ्यांदा तो मेल्यासारखा वाटेल. ती बिघडलेली नाही, दस्त्याच्या बुडावर तळव्याने थाप मारा, चाप जिवंत होईल. ब्राउनिंगच्या सिटोरी ७२५ मध्ये यांत्रिक चाप आहे, त्याला धक्का लागत नाही. हलकी काडतुसं वापरणाऱ्याला किंवा पहिलं काडतूस फुसकं निघालं तरी दुसरी फैर लगेच हवी असणाऱ्याला यांत्रिक चाप बरा.

५. सेफ्टी हातमोजा घालून पुढेमागे करून बघा. उघडल्यावर ती आपोआप मागे जाते की नाही, तेही बघा. नवशिक्यासाठी आपोआप जाणारी बरी.

९. जुनी बंदूक घेत असाल तर

चांगली जुनी बंदूक नव्या स्वस्त बंदुकीपेक्षा कधीही बरी, पण या खुणा बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

बंदूक बंद केल्यावर ती उघडायचा वरचा खटका मध्यरेषेच्या थोडा उजवीकडे थांबला पाहिजे. मध्यापलीकडे डावीकडे गेला असेल तर कुलूप झिजलं आहे. पुढचा लाकडी भाग काढा, बंदूक बंद करा आणि नळ्या धरून हलवा. खडखड जाणवली तर सांधा सैल आहे, आणि मिश्रधातूच्या रिसीव्हरमध्ये ते दुरुस्त करणं महागात जातं. नळ्या काढून उजेडाकडे धरा. आत गोल सावलीची कडी दिसली तर तिथे नळी कधीतरी फुगली आहे, ती बंदूक तिथेच ठेवा. नळ्या बोटात लटकवून नखाने टिचकी मारा: स्वच्छ नाद आला तर नळ्यांना जोडलेल्या पट्ट्या घट्ट आहेत, बद्द आवाज आला तर कुठेतरी त्यांची झाळ सुटली आहे. चोक हाताने फिरवून निघतात का बघा. दस्त्याच्या मानेशी, धातूला लागून, केसासारखी चीर शोधा. हलक्या बंदुकीत धक्का जास्त, म्हणून चीर तिथेच पडते.

१०. हंगामाआधी रेंजवर

पक्ष्यावर पहिली फैर टाकण्याआधी कागदावर टाका. १६ यार्डांवर मोठा कागद लावा, मध्ये ठिपका. नेम न धरता बंदूक खांद्याला लावून लगेच फैर टाका, प्रत्येक नळीच्या पाच-पाच. छर्ऱ्यांचा मध्य ठिपक्यापासून १ इंच सरकला असेल तर दस्त्यात सुमारे १/१६ इंचाचा बदल हवा, हा कारागिरांचा हिशेब आहे. दोन नळ्यांचे मध्य एकमेकांपासून हाताच्या पंजाएवढे लांब असतील तर बंदूक परत करा, दस्ता बदलून ते सुधारत नाही.

मग शिकारीच्याच काडतुसांनी, शिकारीच्याच अंतरावर ३० इंची वर्तुळ काढून फैर टाका: ग्राउझसाठी २० यार्ड, फेझंटसाठी ३५. वर्तुळात पक्ष्याएवढी रिकामी जागा राहिली तर चोक किंवा काडतूस बदला. सरावाला ७/८ औंसाचीच हलकी काडतुसं वापरा, अगदी १२ गेजमध्येही, आणि बंदूक खाली धरून सुरुवात करा, जशी रानात धरता.

नवी ओव्हर-अंडर घट्ट असते. बिजागरीवर ग्रीसचा पातळ लेप द्या आणि आपटून बंद करू नका. चोकच्या आट्यांनाही ग्रीस लावा, नाहीतर हंगाम संपेपर्यंत तो रुतून बसेल.

विमानाने जाणार असाल तर बंदूक रिकामी, कुलूपबंद कडक पेटीत, चेक-इन सामानात आणि काउंटरवर जाहीर करून. हे देशांतर्गत प्रवासाचं झालं. भारतात जाताना मात्र शिकारीची पाठपिशवी, जाकीट, कॅमेऱ्याची बॅग, यांपैकी काहीही नेऊ नका. कप्प्याच्या कोपऱ्यात राहिलेलं एक काडतूस मुंबई किंवा दिल्लीच्या विमानतळावर एक्स-रेमध्ये दिसतं आणि शस्त्रास्त्र कायद्याखाली गुन्हा नोंदवला जाऊ शकतो. हंगाम संपला की ते सामान उलटं करून झटका, प्रत्येक खिसा बाहेर काढा आणि त्यांना घरातली वेगळी जागा द्या, जिथून सुटकेस भरताना कुणाचाही हात चुकून त्यांच्यावर पडणार नाही.